रस्त्यावरचा मका आणि रोशनीची सायकल

स्टेट हायवेवर मुलींच्या सायकली आडव्या पडल्या होत्या. एकीच्या चाकातून दुसरीच्या चाकात साखळी ओवलेली, आणि साखळीला मोठं कुलूप. अलीकडे केळीचे ट्रक, पलीकडे उसाचे ट्रॅक्टर, मध्ये एक एसटी. एसटीतले प्रवासी खाली उतरून बिड्या ओढत होते. मी जीपमधून उतरले तसा सगळा घोळका माझ्याकडे वळला.

"मॅडम, ब्रेकर टाका, मंगच सायकली उचलसूत," सगळ्यात पुढे उभे असलेले मगनआप्पा म्हणाले.

"बघते."

"बघानं काही नही. आजना आज. आमन्या पोरी मराले जातस का शाळामा?"

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता आहे. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा माझ्या नावावर असतो. त्यावर खड्डा पडला, झाड पडलं किंवा माणूस पडला, की पहिला फोन मला येतो. हा तुकडा शहाद्याकडून प्रकाशाकडे जाणारा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला अजून काम पडतं आणि त्यांच्या हातचा चहाही मला आवडतो.

झालं होतं असं. आदल्या दिवशी सकाळी रोशनी नावाची नववीतली मुलगी सायकलवरून शाळेत निघाली होती. शाळा पुढच्या मोठ्या गावात. एका केळीच्या ट्रकच्या बाजूला दोरी बांधायचा जो लोखंडी हूक असतो, तो तिच्या हँडलला अडकला. ती फेकली गेली. गुडघ्याला टाके पडले, सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं. हूक हातभर वर असता तर तिच्या गळ्यात अडकला असता. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, ते तिथे जमलेल्या प्रत्येकाला कळत होतं आणि म्हणूनच सगळे चिडले होते.

मी डेप्युटी साहेबांना फोन लावला. डेप्युटी म्हणजे उपअभियंता, माझे वरचे साहेब.

"ब्रेकरचा प्रस्ताव पाठवतो म्हणून सांगा आणि रस्ता मोकळा करा," ते म्हणाले.

"सर, हायवेवर ब्रेकरचा प्रस्ताव मंजूर होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही."

"लोकांना कुठे माहीत आहे?"

"आप्पांना माहीत आहे. मागच्या वेळी त्यांनाच सांगितलं होतं."

"मग तुम्हीच काय ते करा," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. माझ्या आवडीचं वाक्य. एकदा हे वाक्य कानावर पडलं की मला मोकळं रान मिळतं.

आधी मी ट्रक बघायला गेले. ड्रायव्हर सलीमभाई, अक्कलकुव्याचे. पळून गेले नव्हते. स्वतःच्याच ट्रकमध्ये घालून मुलीला दवाखान्यात नेलं होतं आणि परत येऊन जबाबही दिला होता. बक्षीस म्हणून गावाने त्यांची किल्ली काढून घेतली होती. ट्रकच्या सावलीत ते बसून होते.

"मॅडम, मी हॉर्न दिला. एकदा नाही, दोनदा. साइड द्यायच्या ऐवजी पोरगी आत घुसली. अल्ला कसम."

"वेग किती होता?"

"केळी भरलेली, वरून वळण घेतलेलं. वेग कुठून येणार?"

ड्रायव्हर वेगाबद्दल जे सांगतो ते मी सहसा निम्मं धरते. म्हणून रस्ता पाहिला. जोरात असलेल्या गाडीने एकदम ब्रेक मारला की टायर घासून डांबरावर लांब काळे पट्टे उठतात. इथे पट्टे जेमतेम होते. म्हणजे ट्रक हळूच होता आणि लगेच थांबला होता. ब्रेकर हा गाडी हळू करायचा उपाय. गाडी हळूच असताना ब्रेकर टाकून काय साधणार? मला ती मागणी तिथेच मनातल्या मनात खोडता आली. पण गावासमोर तसं बोलले असते तर माझीही किल्ली गेली असती.

मग डांबराच्या कडेला दगड दिसले. डोक्याएवढे, एकामागे एक, सरळ रांगेत. दगड आपण होऊन रांगेत पडत नाहीत. खाली वाकून पाहिलं तर डांबराच्या भेगांत पिवळे दाणे अडकलेले होते.

मका.

आमच्या भागात दिवाळीनंतर हे चालतंच. मका काढला की वाळवायला सपाट, कोरडी, तापणारी जागा लागते. अशी जागा हायवेइतकी चांगली दुसरी नाही. सरकारने डांबर टाकलेलं, उन्हाने तापलेलं, झाडायचंही काम नाही. लोक अर्ध्या लेनवर मका पसरतात आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून बाहेरच्या बाजूने दगड मांडतात. गाड्या दगडांना वळसा घालतात. सायकलही घालते, फक्त ती वळसा घालून जाते ती थेट गाडीच्या पुढ्यात.

मी शेजारच्या पारावर बसलेल्या रोशनीजवळ गेले. पाय लांब केलेला, गुडघ्याला पट्टी. शेजारी तिची आई वंतीबाई.

"तू मध्ये कशी काय गेलीस गं?"

"मॅडम, मी मध्ये नाही गेले," ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. "मका संपला की परत कडेला येणार होते."

"हे काल कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. मका तर असतोच ना."

हेच खरं. ड्रायव्हरने मक्याचं नाव काढलं नव्हतं, गावाने काढलं नव्हतं, जबाबातही नव्हतं. अपघात कसा झाला ते सांगताना रस्त्यावर डांबर होतं असं कोणी सांगतं का? तसाच मका. तो सगळ्यांच्या लेखी रस्त्याचाच भाग होता. गर्दीत तुडवला जाऊ नये म्हणून रास्ता रोकोच्या आधी तो भरून नेला होता, दगड तेवढे राहिले होते.

"कुणाचा मका?" मी हळू आवाजात विचारलं.

रोशनीने मगनआप्पांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. तिचे वडील आप्पांच्याच शेतात कामाला होते.

आता वंतीबाई बोलली. त्यांची घरची बोली भिली, पण बाहेरच्यांशी अहिराणी बोलतात. "सायकल बंद, बाई. बाजारना दिन मुकादमनी गाडी येस. पोरले संगे ली जाईन."

याचा अर्थ सांगते. दिवाळी झाली की इथली बरीच कुटुंबं ऊस तोडायला गुजरातमध्ये जातात. टोळी नेणारा मुकादम टेम्पो घेऊन येतो. रोशनीचे आईबाप दरवर्षी जात आणि रोशनी आजीपाशी राहून सायकलने शाळा करी. सायकल बंद म्हणजे शाळा बंद, आणि शाळा बंद झाल्यावर तिला मागे ठेवून करायचं काय? ती उसाच्या फडावर भाकऱ्या थापणार आणि धाकट्या भावंडांना सांभाळणार. एकदा फडावर गेलेली नववीतली मुलगी दहावीला परत आलेली मी तरी पाहिलेली नाही. मला त्या क्षणी फार राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

बाजाराचा दिवस आठवड्यावर होता.

सगळ्यांसमोर आप्पांचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं, ते मला पाठ आहे. आप्पा म्हणाले असते, मी एकटाच टाकतो का? ते बरोबरही होतं, कारण अर्धं गाव टाकतं. मग भांडण मक्यावर गेलं असतं, मक्यावरून भाऊबंदकीवर, आणि रोशनी टेम्पोत बसली असती. शिवाय आप्पा खोटे नव्हते. त्यांची स्वतःची नात त्याच रस्त्याने सायकलवर जात होती आणि साखळीत पहिली सायकल तिचीच होती.

"आप्पा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रेकर कुठे हवा ते जीपमधून कळत नाही. उद्या सकाळी पोरींबरोबर सायकलवर शाळेपर्यंत जाऊ. तुम्ही आणि मी. मग जागा तुम्ही दाखवा."

"मी?"

"की आता जमत नाही?"

लोक हसले. आप्पांची मान ताठ झाली. "तुम्ही मले सायकल शिकाडशात? आख्खी जिंदगी सायकलवर गई मन्ही!"

"मग ठरलं. आणि या भाईंची किल्ली द्या. ट्रकमधली केळी पिकली तर वास तुमच्याच गावात सुटेल."

साखळी निघाली. एसटीतल्या प्रवाशांनी बिड्या विझवल्या.

सकाळी मी मुख्याध्यापकांची सायकल घेऊन हजर झाले. आप्पा पांढरा पायजमा, टोपी आणि जुनी उंच सायकल घेऊन आले. तेल घातलेली, घंटीसुद्धा वाजणारी. पुढे मुली, मध्ये आप्पा, मागे मी.

जीपमध्ये बसून मी हा रस्ता शेकडो वेळा पाहिला होता. सायकलवर तो वेगळाच निघाला. मागून येणारा ट्रक दिसत नाही, पाठीला कळतो. तो बाजूने गेला की आधी वारा ढकलतो आणि मग ओढून घेतो, आणि हँडल थरथरतं. हॉर्न कानात नाही, मानेवर बसतो. ड्रायव्हरला वाटतं, हॉर्न दिला म्हणजे आपण सांगितलं, आता सायकलवाल्याने बघून घ्यावं. सायकलवाल्याला वाटतं, बघू कुठे? एकीकडे डांबराची कड, दुसरीकडे चाक.

मुलींनी यावर आपली पद्धत काढली होती. सगळ्यात मागची मुलगी "गाडी!" म्हणून ओरडायची आणि सगळ्या एका ओळीत यायच्या. त्या दिवशी रोशनी उशिरा निघालेली, एकटी होती. तिला ओरडून सांगणारं मागे कुणी नव्हतं.

वळण संपलं आणि समोर मका. रास्ता रोको संपल्यावर आप्पांच्या घरच्यांनी पहाटेच पुन्हा पसरला होता. दगड रांगेत, मका पिवळाधमक. एक बाई पाठमोरी उभी राहून पायाने मका पसरत होती. मुली पटापट खाली उतरल्या आणि सायकली हातात धरून थांबल्या.

"उतरतस कसाले वं पोरीसहोन?" आप्पा म्हणाले.

"गाडी येतेय, आप्पा. ती गेली की जायचं."

"मी नही उतरस," आप्पा म्हणाले आणि त्यांनी दगडांच्या बाहेरून सायकल काढली.

मी ओरडले, पण तोवर मागून एसटी आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर. एसटीने हॉर्न दिला. आप्पांनी डावीकडे पाहिलं, दगड. उजवीकडे पाहिलं, एसटी. पुन्हा हॉर्न. दोन दगडांच्या फटीतून आप्पांनी सायकल आत घातली. पुढचं चाक दाण्यांवर सरकलं आणि आप्पा स्वतःच्या मक्यात आडवे झाले. टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

पाठमोरी बाई वळली. "कोण शे रे तो? मकामा सायकल घाली ऱ्हायना! डोया फुटनात का?"

"मी शे," मक्यातून आवाज आला.

ती आप्पांची बायको होती. मुली हसू दाबत होत्या, आप्पांच्या नातीला तर ते दाबताही येईना. मी हसले नाही. मनात हसले, ते सांगायला आता हरकत नाही.

आप्पांना काही लागलं नव्हतं. ते उठले नाहीत मात्र. बसल्या जागी त्यांनी कानातला एक दाणा काढला, तो पाहिला, मग दगडांच्या रांगेकडे पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "बसवाला तरी काय करी? आन मी तरी कोठे जाऊ?"

"रोशनीचंही हेच झालं."

त्यांनी मान हलवली. मग एकदम माझ्यावर उखडले. "मंग मका कोठे टाकू? डोकावर?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. रस्त्यावर मका टाकू नका, असा बोर्ड आमच्या खात्याने लावला तर लोक बोर्डाच्या सावलीत मका टाकतील. माणसाला जागा दिल्याशिवाय त्याला हटवता येत नाही, हे अतिक्रमण काढणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा.

जागा मला तिथेच सापडली, आणि तीही सायकलमुळे. जीपमधून ते वळण दोन सेकंदांत मागे पडतं. सायकल हातात धरून उभी राहिले तेव्हा बाभळींच्या गर्दीतून खाली काळं काहीतरी दिसलं. जुना रस्ता! माझ्या कितीतरी आधी कुणीतरी हे वळण बरंच सरळ केलं होतं. वळण सरळ करतात तेव्हा नवा रस्ता मधून जातो आणि जुन्या रस्त्याचं धनुष्य बाजूला तसंच पडून राहतं. जमीन खात्याची, डांबर खात्याचं, आणि वापर शेळ्यांचा. ते धनुष्य गावापासून सुरू होऊन मक्याच्या पलीकडे हायवेला परत मिळत होतं.

मी डेप्युटी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"तो तुकडा आपला आहे याची लोकांना आठवण करून देऊ नका," साहेब म्हणाले. "उद्या टपऱ्या पडतील."

"आज तिथे बाभळी आहेत, सर. झुडपं काढायचं काम ठेकेदाराच्या वार्षिक कामातच आहे. त्याला फक्त जागा दाखवायची."

"मका वाळवायला रस्ता दिला, असं वर कुणी विचारलं तर?"

"मका वाळवायला रस्ता गेली कित्येक वर्षं दिलेलाच आहे. मी तो फक्त सरकवतेय."

साहेब चष्मा पुसत राहिले. चष्मा पुसणं म्हणजे हो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

जेसीबी आला, बाभळी निघाल्या, खालून डांबर निघालं. ठिकठिकाणी फुटलेलं, पण मक्याला पुरेसं. आप्पांनी पहिल्या दिवशी स्वतःचा मका हायवेवरून उचलला आणि जुन्या रस्त्यावर नेला. आप्पांनी नेला म्हटल्यावर बाकीच्यांना न नेऊन चालेना. हायवेवरचे दगड आम्ही ट्रॅक्टरने उचलले आणि कडेला पांढरा पट्टा मारला.

सलीमभाईंनी रोशनीच्या सायकलचं चाक बदलून आणलं होतं. माझ्यासाठी केळीचा घडही होता. तो मी ऑफिसात वाटला, नाहीतर साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं असतं. मी भाईंना सायकलवरची गोष्ट सांगितली, मानेवर बसणाऱ्या हॉर्नची.

"म्हणजे हॉर्न द्यायचा नाही?"

"लांबून द्या. जवळ आल्यावर ब्रेकवर पाय ठेवा. समोरून कुणी येत असेल तर थांबा, आणि जाताना एक हात जागा सोडून जा. त्यांच्यामागे अर्धं मिनिट चाललात म्हणून केळी पिकणार नाहीत."

ड्रायव्हर लोक ऐकून घेतात, हो म्हणत नाहीत.

उरली वंतीबाई. मी तिच्या झोपडीत गेले, रस्ता मोकळा झाल्याचं सांगितलं. भांडी पोत्यात भरता भरता ती म्हणाली, "तू जीपमा फिरस, बाई. मन्ही पोर सायकलवर फिरस. मी सोता दखसू, मंग सांगसू."

बाजाराच्या दिवशी पहाटेच ती वळणावर येऊन बसली. मुकादमाचा टेम्पो गावात लागलेला, रोशनीचं गाठोडंही त्यात चढलेलं. मी जरा लांब जीप लावून उभी होते. काम माझं झालं होतं, आता माझ्या हातात काही नव्हतं. इतकी धाकधूक मला पूल तपासणीलासुद्धा होत नाही.

मुली आल्या. रोशनी मध्ये, गुडघ्यावर पट्टी. "गाडी!" असा आवाज झाला आणि ओळ लागली. मागे केळीचा ट्रक होता. समोरून ट्रॅक्टर येत होता. ट्रक हळू झाला आणि मुलींच्या मागे मागे चालू लागला. हॉर्न नाही. ट्रॅक्टर गेला, मग ट्रकने चांगली हातभर जागा सोडून मुलींना मागे टाकलं. मी नंबर पाहिला. सलीमभाईंचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी होता, म्हणजे भाईंनी पुढे सांगितलं होतं, याचा मला जास्त आनंद झाला.

वंतीबाई उठली. पदर झटकला, टेम्पोकडे गेली आणि आतून रोशनीचं गाठोडं खाली काढून तिने सासूच्या, रोशनीच्या आजीच्या, हातात दिलं. मी जीपमध्ये बसून जरा वेळ काचच पुसत राहिले.

पुढे काही दिवसांनी आप्पांचा फोन आला.

"मॅडम, आते मले ब्रेकर पायजे."

"कुठे?"

"जुना वळणवर. पोरी हायवे सोडीसन तठूनच जातस. मन्हा मकावरथीन सायकली ली जातस!"

हे माझ्या नकाशात नव्हतं. मुलींनी बघितलं, इथून ट्रक जात नाहीत, शाळेची वाट मिळते, मग हायवेवरून कशाला जायचं? त्यांनी कुणाला विचारलं नाही, अर्ज केला नाही.

"ब्रेकर मंजूर होणार नाही, आप्पा," मी म्हणाले. "दगड मांडा. तुम्हाला सवय आहे."

ब्रेकरचे अर्ज मला अजूनही येतात. अर्ज आला की मी जीप काढत नाही, कुणाची तरी सायकल मागते आणि अर्जदारालाही सोबत घेते. निम्मे अर्ज त्याच दिवशी मागे घेतले जातात.

मध्यंतरी जुन्या वळणावर गेले होते. दगड मांडलेले होते, वर चुना मारलेला. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सायकलींची वाट. त्या वाटेवरच आप्पा बैठक मारून दाणे निवडत बसले होते. मागून घंटी वाजली.

"आप्पा, साइड द्या," रोशनी म्हणाली.

आप्पा उठले आणि त्यांनी साइड दिली.